अँबॅसिडरचा सातबारा

आधी माफी मागतो. कुणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही, आणि आजवर मी लिहिलेलं सगळ्यात लांब लेखन म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज. तोही दोनदा परत आला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नाही, त्यामुळे घरी वाचून दाखवून ‘बरं जमलंय का’ असं विचारायचीही सोय नाही. माणसाबद्दल लिहिताना त्याची हसू येणारी बाजू लिहिली तर तो अपमान होतो का, हेही मला नीट कळत नाही. तरी लिहितो. काकांना कुठलीही गोष्ट कागदावर नसलेली चालत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल एक तरी कागद असावा असं वाटतं.

काका म्हणजे लातूरला मी ज्यांच्याकडे तीन वर्षं भाड्यानं राहिलो ते घरमालक. ते निवृत्त तलाठी होते. मी बी.ए.ला प्रवेश घेतला आणि खोली शोधत फिरत होतो. खोली बघायला गेलं की नाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि आडनाव सांगितल्यावर एक शांतता होते. त्या शांततेची मला सवय झाली होती. काकांच्या दारातही मी तिची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “मूळ गाव?”

“जळकोटजवळचं आहे.”

“गट नंबर?”

“जमीन नाही काका. घर आहे फक्त.”

“मग नमुना आठ असंल ना ग्रामपंचायतीत. घर नंबर काय?”

मला माहीत नव्हता. काकांना खरंच वाईट वाटलं. “सोताच्या घराचा नंबर ठावं न्हाई अन् बी.ए. करून राहिलास?” मग आत काकूंकडं तोंड करून ओरडले, “अहो, पोरगं चांगलं दिसतंय, पण नोंदीला कच्चं हाय. ठेवून घेऊ.”

अशी मला खोली मिळाली. खोलीच्या खिडकीतून पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली पांढरी अँबॅसिडर दिसायची.

ही गाडी आधी तहसील कार्यालयाची होती. साहेबांना नवीन गाडी आली, जुनी लिलावात निघाली, आणि ज्या गाडीमागून काका उभ्या नोकरीत मोटारसायकलवर धूळ खात गेले होते ती त्यांनी घेतली. घेतली त्या दिवशी त्यांनी सरकारी मोजणीसारखी तिची मोजणी केली. टेप लावून नकाशा काढला. बॉनेट आणि पुढची काच गट नंबर एक, चार दारं दोन ते पाच, डिक्की सहा, छत सात. मग एका जाड रजिस्टरात गाडीचा सातबारा तयार केला. त्यात पहिल्या दिवशी गाडी जशी होती तशी लिहिली, आणि ते झालं ‘मूळ’. काकांच्या तोंडी दिवसातून वीस वेळा एकच वाक्य असायचं: “मूळ काय हाय ते बघ.”

अडचण अशी होती की पहिल्या दिवशी गाडीत जे बिघडलेलं होतं तेही मूळ झालं. लाल दिवा काढून घेतल्यामुळे छताला लिंबाएवढं भोक होतं. नोंद होती, ‘गट सात, भोक एक, कायम’. मग ते बुजवणार कोण? पावसाळ्यात काका आत सीटवर स्टीलचा गडू ठेवायचे आणि सकाळी ओतून टाकायचे. हॉर्न लिलावाच्या दिवशी वाजत नव्हता, म्हणून तो कधीच दुरुस्त झाला नाही. दर रविवारी काका एकटेच गाडी घेऊन रिंगरोडपर्यंत जाऊन यायचे, तेव्हा खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडायचे, “एऽऽ बाजू! बाजू घ्या!” गल्लीतल्या म्हशी तो आवाज ओळखायच्या. माणसं मात्र दचकायची.

पण टायर झिजतात, बॅटरी मरते, काही ना काही बदलावंच लागतं. काकांनी त्याचीही व्यवस्था केली होती. गाडीत कुठलाही बदल म्हणजे फेरफार. जमिनीच्या फेरफाराला जशी नोटीस लागते, तशी ते गेटवर नोटीस चिकटवायचे. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मागील उजवे टायर बदलणे योजिले आहे. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.’ पंधरा दिवस गाडी तीन टायरांवर आणि एका दगडावर उभी राहायची. संबंधित म्हणजे काकू, मी, आणि गेटवरची नोटीस रोज चघळणारी शेजारची शेळी.

फेरफार मंजूर करायला मंडळ अधिकारी लागतो. तो अधिकार काकूंकडे होता. सुनावणी स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ व्हायची. काका रजिस्टर काखेत धरून उभे राहायचे. काकू अंबाडी निवडत बसलेल्या असायच्या.

“टायर फाटकं हाय का न्हाई?” काकू विचारायच्या.

“फाटकं हाय, पण मूळ—”

“मंजूर. सरका तिकडं, उजेड येऊ द्या.”

मी राहायला आलो त्याच महिन्यात माझ्या हातून एक गुन्हा घडला. भाडं कमी होतं, म्हणून आपणही काही काम करावं असं वाटलं, आणि एका रविवारी सकाळी मी गाडी धुवायला घेतली. पुढच्या काचेवर कागदाचा एक पिवळा पडलेला पट्टा चिकटलेला होता. मला तो मळ वाटला. नखानं आणि नारळाच्या काथ्यानं मी निम्मा काढला, तेवढ्यात काका दात घासत बाहेर आले. तोंडात फेस तसाच. त्यांनी ब्रशनंच काचेकडं दाखवलं. तो ‘तहसीलदार’ लिहिलेला सरकारी पट्टा होता. मी ‘तह’ काढून टाकला होता. उरलं ‘सीलदार’.

दुपारी मला माझ्याच खोलीच्या दारावर कारणे दाखवा नोटीस मिळाली. आयुष्यातली पहिली सरकारी भाषेतली नोटीस. मी खरंच घाबरलो. वडिलांना फोन करावा असंही वाटलं. ओट्याजवळ सुनावणी झाली. मी रडवेल्या आवाजात म्हणालो, “काकू, मला वाटलं ते घाण आहे.”

“मला बी इतकी वरसं तसंच वाटत आलंय,” काकू म्हणाल्या. “निर्दोष. चहा घे.”

काकांनी रजिस्टरात लिहिलं, ‘गट एक, अर्धा पट्टा, भाडेकरूच्या हातून, कायम’. नंतर महिनाभर ते ओळखीच्या माणसांना मला दाखवून सांगायचे, “सीलदार ह्येनंच केलं.” त्यात राग नव्हता. उलट मी आता त्यांच्या सातबाऱ्यावर आलो होतो, याचा थोडा आनंदच असावा.

काकांच्या बरोबर उलटा माणूस म्हणजे काकूंचा भाऊ. त्यांना मी मामा म्हणायचो. ते उदगीरला असत आणि त्यांच्याकडे काकांच्या गाडीहूनही जुनी जीप होती. पण त्या जीपमध्ये जीप म्हणावं असं फक्त नाव उरलं होतं. ट्रॅक्टरएवढी टायरं, पुढं निळे दिवे, मागं हिरवे, आणि हॉर्न दाबला की आधी कोंबडा आरवायचा आणि मग सनई वाजायची. मामा आले की शेडपुढं दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहायच्या आणि भांडण सुरू व्हायचं.

“दाजी, ही गाडी हाय का मयत?” मामा म्हणायचे. “गाडीनं कसं जिवंत दिसावं! माझी बघा.”

“तुझी गाडी न्हाई, लग्नाचा मांडव हाय. इंजन कुठलं? दुसऱ्याचं. गियर कुठला? तिसऱ्याचा. मूळ काय हाय रे तिच्यात?”

“मी हाय की!”

“तू बी मूळचा न्हाईस. केस काळे करून आलाय.”

मामा हसता हसता जीपला टेकायचे आणि हॉर्नला धक्का लागून कोंबडा आरवायचा.

मला त्या वेळी दोघांचंही पटायचं. काका बोलले की वाटायचं, खरंच, एखादी वस्तू जशी होती तशी जपावी. मामा बोलले की वाटायचं, वस्तू माणसासाठी असते. माझं नेहमीच असं होतं. वर्गात गटचर्चेतही मी दोन्ही बाजूंना मान हलवतो, आणि मॅडम म्हणतात, तुमचं स्वतःचं मत काय? मला ते पटकन सापडत नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना काकू न्हाणीत घसरून पडल्या. गुडघ्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसवली, पण पाय सरळ राहिला तो राहिलाच. वाकत नव्हता. काकू काठी टेकत घरात फिरायच्या, बसताना पाय समोर स्टुलावर ठेवायच्या. तक्रार करायच्या नाहीत. पण देवणीला माहेरच्या घरात त्यांची थोरली बहीण राहायची, अक्का. म्हाताऱ्या, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या. त्या दर गुरुवारी फोन करायच्या आणि एवढंच विचारायच्या, “कधी येतीस गं? दिसंना झालंय मला, आता आवाज तरी जवळून ऐकू दे.”

बसमध्ये काकूंचा पाय मावणार नव्हता. मामांची जीप एवढी उंच की चढायला शिडी लागली असती. उरली अँबॅसिडर. तिची पुढची सीट म्हणजे या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग बाकडं. ते डाव्या बाजूनं निम्मं कापून काढलं, तर काकूंना मागं बसून पाय पुढच्या मोकळ्या जागेत सरळ सोडता येणार होता. हे मामांनी टेप लावून सिद्ध केलं.

“अन् तिथं एक फिरती खुर्ची बी बसवू,” मामा म्हणाले. “सलूनमधल्यासारखी.”

“मंग दाढ्या बी तिथंच करत जा,” काका म्हणाले. “सीट अखंड हाय. कापायची न्हाई. तुकडेबंदी हाय.”

जमिनीचे फार लहान तुकडे पाडता येत नाहीत, असा जो कायदा आहे, तो काकांनी सीटला लावला.

मी भीत भीत म्हणालो, “भाड्याची मोठी गाडी करता येईल ना काकू?”

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली. “लेकरा, ह्या गाडीवर मी इतकी वरसं फडकं मारून राहिले. म्हायेराच्या दारात ही गाडी एकडाव उभी राहावी, एवढंच मागून राहिले. दुसऱ्याच्या गाडीत जायला मी का पाहुणी हाय? अन् मागच्या सीटवर आडवं टाकून न्यायला सरकीचं पोतं बी न्हाई.” मग काकांकडं वळून म्हणाल्या, “लिवा फेरफार.”

काकांनी नोटीस लावली. नियम तो नियम. आणि स्वतःच पहिल्याच दिवशी लेखी हरकत नोंदवली. पण सुनावणी कुणापुढं? मंडळ अधिकारी स्वतःच अर्जदार. काका म्हणाले, “सोताच्या प्रकरणात सोता निर्णय देता येत न्हाई.” मग दोघांनीही माझ्याकडं बघितलं.

मला आजवर कुणी कशाचाही निर्णय विचारला नव्हता. मी म्हणालो, “मला जमणार नाही.” काका म्हणाले, “पदवी घेऊन राहिलास ना?” काकू म्हणाल्या, “खरं असंल ते लिव. माझ्या भाकरीकडं बघू नको.”

सुनावणी दिवाणखान्यात झाली. मला खुर्ची दिली, पुढं टीपॉय ठेवला. काका इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांनी पाऊण तास युक्तिवाद केला. नकाशा दाखवला, पहिली नोंद वाचली, आज सीट कापली तर उद्या छताचं भोकही बुजवा म्हणाल, असंही सांगितलं. शेवटी म्हणाले, “एकदा मूळ गेलं की मागं येत न्हाई.”

काकू स्टुलावर पाय ठेवून बसल्या होत्या. त्या एवढंच बोलल्या, “मी लगीन होऊन आले तवा माझे बी दोन्ही गुडघे मूळचेच होते. तुमच्या गाडीचं समदं जागच्या जागी ऱ्हायलं. बदललं ते माझंच. त्याची नोटीस कुणी लावली?”

मी तीन दिवस मागितले. ते तीन दिवस मी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. सातबाऱ्यात जशी वर्षावर्षाची पिकं लिहितात, तसा काकांनी गाडीसाठीही रकाना आखला होता: त्या वर्षी गाडीतून कोण कुठं गेलं. पिकं नसली की तलाठी तिथं ‘पड’ लिहितात. काकांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, रविवारची आपली एकट्याची फेरी त्यांनी धरली नव्हती. दर वर्षी, एकाखाली एक, त्यांच्या सुंदर अक्षरात, पड, पड, पड.

आता जे सांगतो त्याची मला लाज वाटते. मी निकाल काकांच्या बाजूनं दिला. दोन महिन्यांवर परीक्षा होती आणि खोली गेली तर काय, ही भीती होतीच. पण नुसती भीती नव्हती. जे लिहिलेलं आहे ते खरं, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. शिकलेल्या माणसानं लिहिलेल्याप्रमाणे वागायचं असतं, अशीच माझी समजूत होती. मी उभा राहून वाचलं, ‘सीट अखंड ठेवावी. अर्ज नामंजूर.’ आणि खाली एक शेरा लिहिला होता तो हळू आवाजात वाचला, ‘सदर गाडी घेतल्यापासून पड आहे.’

काकांचा जिंकलेला चेहरा जरा वेळ तसाच राहिला. मग म्हणाले, “शेरा खोड. त्याचा हितं संबंध न्हाई.”

मी पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि टीपॉयवर ठेवलं. “राहू द्या काका,” म्हणालो. त्यांच्यापुढं मी नाही म्हणण्याची ती एकच वेळ.

काकू उठता उठता म्हणाल्या, “बरं केलंस लेकरा. लिवल्यापरमानं दिलंस.” आणि संध्याकाळी रोजच्यासारखी भाकरी आणि वरून लोणी दिलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या गुरुवारी फोन वाजला तेव्हा मी भिंतीपलीकडून ऐकलं. काकू म्हणत होत्या, “अक्का, यंदा न्हाई गं जमत. गाडीचं काम निघालंय.”

मी परीक्षा दिली, पास झालो आणि एम.ए.साठी नांदेडला आलो. निघताना काकांनी मला एक कागद दिला. त्यांनी आमच्या गावी जाऊन आमच्या घराचा नमुना आठचा उतारा काढून आणला होता. “आता कुणी विचारलं तर गप उभा राहू नको,” म्हणाले. गाडीबद्दल दोघंही बोललो नाही. नांदेडला आल्यावर मी फोन करायचं टाळत राहिलो. काकूंना काय विचारणार? गुडघा कसा आहे, हे विचारण्याचा हक्क मी घालवला होता.

मग परवाच्या रविवारी काकूंचाच फोन आला. मी मेसच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो.

“हॅलो, मंडळ अधिकारी!” काकू म्हणाल्या. “जेवला का?”

“नाही अजून. काकू, पाय कसा आहे?”

“सरळच हाय. देवणीला जाऊन आला पाय.”

मी रांगेतून बाहेर आलो.

तर झालं असं. मी गेल्यावर काका रोज रजिस्टर काढायचे आणि माझा शेरा असलेलं पान उघडून बसायचे. पान उलटायचे, पुन्हा मागं यायचे. काकूंनी विचारलं तर म्हणायचे, “शाई वाळून राहिली का बघतो.” शाई वाळून चार महिने झाले होते. मग एक दिवस ते काकूंजवळ आले आणि म्हणाले, “गावातल्या समद्या बायांची नावं नवऱ्याच्या सातबाऱ्यावर लावा म्हणून मी सांगत फिरलो. घरात लावायचं ऱ्हायलं. सही करा.” त्यांनी गाडीला काकूंना सहहिस्सेदार लावलं होतं. मग नवरा-बायकोत वाटप केलं. सीटची डावी निम्मी बाजू काकूंच्या वाट्याला आली, आणि आपल्या वाट्याचं काय करायचं ते काकूंनी ठरवायचं.

“मी म्हणलं, कापा.”

काकांनी पंधरा दिवस वाट बघितली. तीनदा मोजलं, खडूनं हद्द आखली आणि स्वतःच्या हातानं करवत धरली. मामा मदतीला आले होते, त्यांना हात लावू दिला नाही. उरलेल्या निम्म्या सीटला खालून सागवानी ठोकळ्यांचा आधार दिला. कापलेली निम्मी सीट मात्र घरी ठेवायला ते तयार नव्हते. गाडीचं मूळ अंग गाडीबरोबरच राहणार. ती डिक्कीत मावेना, म्हणून झाकण उघडं ठेवून सुंभानं बांधली. मग काकू मागं, पाय पुढं सरळ, आणि काका खिडकीतून “एऽऽ बाजू!” ओरडत, चार तासांत देवणी.

“रस्त्यानं लोक इचारायचे, काका, सीट इकायची का? तुझे काका म्हणायचे, प्रकरण चालू हाय.”

अक्कांच्या दारात गाडी उभी राहिली. काकांनी ती निम्मी सीट ऊन लागू नये म्हणून ओसरीवर उतरवली आणि काकूंना धरून आणायला परत गेले. दोघं वर येईपर्यंत अक्का हातानं चाचपत येऊन त्या सीटवर बसल्या होत्या. पाठ टेकली, दोन्ही हात फिरवले आणि म्हणाल्या, “लई मऊ हाय की. माझ्यासाठी आणलीस का गं?”

“अन् मग काका?” मी विचारलं.

“त्येंनी तोंड उघडलं. मी त्येंच्याकडं बघितलं. त्येंनी मिटलं. मी म्हणलं, हाव अक्का, तुझ्यासाठीच. माझ्याच वाट्याची व्हती ना.”

संध्याकाळी निघताना काकांनी ओसरीची मोजणी केली, सीट कुठल्या खांबापासून किती फुटांवर आहे ते टिपलं आणि रजिस्टरात लिहिलं, ‘निम्मी सीट, मौजे देवणी, ताबा मेहुणीकडे’. तेव्हापासून ती जागेवर आहे का, ऊन लागतं का, कुणी अतिक्रमण केलं का, हे बघायला त्यांना दर महिन्याला देवणीला जावं लागतं. काकूंचा फोन आला तोवर तीन खेपा झाल्या होत्या.

“आणि तुम्ही, काकू?” मी विचारलं. “तुम्ही पण जाता?”

“मंग?” काकू म्हणाल्या. “एकट्या माणसाचा पंचनामा कुठं धरत्यात व्हय?”